शहराची काजळी आणि आकाशाचें झांकण



काजळी ही वस्तु आपल्या घरांना नवी नाहीं. एके काळीं ती घरोघर मुद्दाम तयार करीत असत. तुपाची किंवा एरंडेलाची वात लावावयाची, दोन वाट्यांच्या आधारानें तिच्यावर तांब्याचें ताट पालथें घालावयाचें, आणि ज्योत ताटाला चाटूं लागेल इतकें तें जवळ आणावयाचें. सकाळीं ताटाच्या बुडाशीं मऊ काळी भुकटी धरलेली असे. ती तुपांत खलली कीं बाळाच्या डोळ्यांचें काजळ झालें. पोथ्या लिहिणारे लेखक शाईसाठीं हीच काजळी धरीत. ह्या घरगुती कृतींत काजळीचें सारें शास्त्र आलें आहे. ज्योत मोकळेपणीं जळूं दिली म्हणजे तेलांतील कोळशाचा अंश हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून अदृश्य वायूच्या रूपानें निघून जातो. ज्योतीला थंड ताट आडवें आलें, हवा अपुरी पडली, कीं तो अर्धवट जळतो आणि त्याचे काळे कण मागें उरतात. आजीबाई जें चिमूटभर करीत होत्या तेंच आजचें शहर इंजिनांत, भट्ट्यांत, चुलींत आणि कचऱ्याच्या ढिगांत रात्रंदिवस करीत असतें. मात्र येथें ताट धरावयास कोणी नसल्यामुळें ती काजळी हवेंत जाते आणि हवेंतून आपल्या छातींत उतरते.

ह्या हवेंतल्या काजळीविषयीं एकच प्रश्न मला आज आपल्यापुढें मांडावयाचा आहे. शहर तेंच, मोटारी त्याच, चुली त्याच. मग दुपारीं तीन वाजतां निर्मळ भासणारी हवा सकाळीं सात वाजतां घशाला कां लागते? श्रावणांत स्वच्छ असलेलें आकाश मार्गशीर्षांत मळकट कां होतें? ह्याचें उत्तर देणारे दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, "वारा पडला आहे, हवामानच वाईट, त्याला कोण काय करणार?" दुसरा म्हणतो, "हवामानाचें नांव पुढें करणें ही निव्वळ पळवाट आहे. सगळा दोष धुराचा." हे दोन्ही पक्ष दर हिंवाळ्यांत वर्तमानपत्रांतून भांडतात, आणि थंडी सरली कीं दोघेहि गप्प बसतात. वस्तुस्थिति अशी आहे कीं काजळी किती निर्माण व्हावी हें आपण ठरवितों, आणि ती किती मोठ्या खोलींत कोंडावी हें आकाश ठरवितें.

ही खोलीची उपमा पुढें लागणारच आहे. परंतु त्यापूर्वीं काजळीच्या कणाची थोडी ओळख करून घेऊं. मनुष्याचा केस साधारणपणें सत्तर मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काजळीचा कण बहुधा एका मायक्रॉनचा दहावा हिस्सा किंवा त्याच्या आसपास असतो, म्हणजे केसाच्या जाडींत असे शेंकडों कण शेजारी शेजारी बसतील. सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिल्यास तो एकसंध गोळा दिसत नाहीं, तर अति लहान मण्यांची वेडीवांकडी माळ दिसते. रस्त्यावरची धूळ नाकांतील केसांत आणि घशांतील ओलाव्यांत अडकते. ही माळ मात्र फुप्फुसाच्या अगदीं शेवटच्या कप्प्यांपर्यंत जाते, आणि जातांना धुरांतील इतर विषारी द्रव्यें आपल्या अंगावर वाहून नेते. इंग्लंडांतील पर्सिव्हल पॉट नांवाच्या शस्त्रवैद्यानें १७७५ सालींच असें दाखविलें होतें कीं, धुरांडीं झाडण्याच्या कामावर लहानपणापासून जुंपलेल्या मुलांना पुढें जो कर्करोग होतो त्याचें मूळ अंगावर सांचणाऱ्या काजळींत आहे. धंद्यामुळें होणाऱ्या कर्करोगाची ही आरंभींची नोंद समजतात. त्यानंतर सव्वादोनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, २०१२ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें डिझेलच्या धुराला निश्चित कर्करोगकारक पदार्थांच्या वर्गांत घातलें.

आतां खोलीकडे वळूं. आपल्या डोक्यावरची हवा उन्हानें थेट फारशी तापत नाहीं. ऊन जमिनीला तापवितें आणि जमीन हवेला तापविते. चुलीवरच्या पातेल्याप्रमाणें हवाहि खालून तापते. म्हणूनच एरव्हीं उंचीबरोबर थंडी वाढते. हजार मीटर वर गेल्यास सरासरीनें साडेसहा अंश. सिंहगडावर पुण्यापेक्षां गारवा लागतो तो ह्याच नियमानें. जमिनीलगतची तापलेली हवा हलकी होऊन वर चढते, वरची थंड हवा तिच्या जागीं खालीं येते, आणि ह्या उकळीबरोबर धूरहि वर नेऊन पातळ केला जातो. हिंवाळ्यांतसुद्धां निरभ्र दुपारीं ही उकळी हजार-दीड हजार मीटरपर्यंत पोंचूं शकते. म्हणजे दुपारीं शहराला मिळालेल्या खोलीचें छत एवढें उंच असतें.

सूर्य मावळला कीं चूल विझते. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असेल तर जमीन आपली उष्णता भराभर वर टाकून देते आणि स्वतः गार पडते. तिला चिकटलेली हवा गार होते, परंतु कांहीं उंचीवरची हवा अद्याप दिवसाच्या उबेंतच असते. खालीं जड थंड हवा आणि वर हलकी उबदार हवा, अशी उलटी मांडणी झाली म्हणजे उकळी बंद पडते. खालचा धूर वर चढूं पाहतो, उबदार थराला टेकतो आणि तेथेंच आडवा पसरतो. हेंच आकाशाचें झांकण. कडाक्याच्या थंडीच्या रात्रीं हें झांकण शंभर-दोनशें मीटरांवर येऊन बसतें. हवामान खात्याचे लोक भल्या पहांटे आणि संध्याकाळीं यंत्रें बांधून जे फुगे आकाशांत सोडतात, त्यांच्याकडून निरनिराळ्या उंचीवरचें तापमान कळून ह्या झांकणाचा पत्ता लागतो.

पुण्याच्या श्रोत्यांना त्यासाठीं फुग्याची गरज नाहीं. पौष महिन्यांत सूर्योदयाच्या सुमारास पर्वतीच्या पायऱ्या चढून जावें आणि देवळाच्या कठड्याशीं उभें राहून खालीं पाहावें. शहरावर एक करड्या रंगाची चादर अंथरलेली असते. तिची वरची कड सुरीनें कापल्यासारखी सरळ दिसते, आणि तिच्यावर सिंहगडाची कड मात्र स्वच्छ उमटलेली असते. खालून निघणारा एखादा धूर सरळ वर येतो आणि त्या कडेशीं पोंचला कीं मान मोडल्यासारखा आडवा होतो. पायथ्याशीं अधिक गारठा आणि वर किंचित् ऊब, हा टेंकड्यांवर पहांटे फिरणारांचा अनुभवहि ह्याच गोष्टीची साक्ष देतो. पुणें हें टेंकड्यांनीं वेढलेल्या सखल भागांत वसलेलें असल्यामुळें येथें आणखी एक अडचण आहे. रात्रीं टेंकड्यांच्या अंगावरची हवा गार होऊन पाण्यासारखी उताराकडे वाहत येते आणि मुळा-मुठेच्या पात्रांत सांचते. नदीकांठचा कचरा जाळणारा मनुष्य आपला धूर अशा रीतीनें हौदाच्या तळाशीं सोडीत असतो.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहें. उच्च गणिताशीं माझी सलगी नाहीं. परंतु हा हिशेब चौथीच्या मुलालाहि करतां येण्यासारखा आहे. छत दीड हजार मीटरांवरून दोनशें मीटरांवर आलें, तर खोली साडेसात पट लहान झाली. त्याच वेळीं वाऱ्याचा वेग सेकंदाला तीन मीटरांवरून एक मीटरावर आला, तर खोलींतील हवा बदलण्याची गतिहि तिसऱ्या हिश्श्यावर आली. साडेसात गुणिले तीन म्हणजे साडेबावीस. तेवढाच धूर, परंतु साडेबावीस पट दाट! प्रत्यक्षांत शहराला भिंती नसतात, कालची शिळी काजळी आजच्यांत मिसळते, रात्रीं वाहनेंहि कमी होतात, त्यामुळें हिशेब इतका सरळ उतरत नाहीं. तरी उदाहरणाची दिशा खरी आहे.

हवेंतील काजळी मोजण्याची युक्ति मोठी साधी आहे. एका पांढऱ्या पट्टींतून हवा ओढून घेतात आणि पट्टीवरचा डाग किती वेगानें काळा होतो तें प्रकाशाच्या साहाय्यानें मोजतात. आपल्या देशांतील अनेक शहरांत अशा मोजण्या झाल्या आहेत, आणि बहुतेक ठिकाणीं चोवीस तासांच्या आलेखाला उंटाप्रमाणें दोन मदारी दिसतात. एक सकाळीं सात ते नऊच्या सुमारास, दुसरी रात्रीं आठ ते दहाच्या सुमारास. मधली दुपार खोल खड्ड्यासारखी. सकाळच्या मदारीची गोष्ट जरा निराळी आहे. त्या वेळीं रस्ते गजबजूं लागतात हें खरेंच. पण शिवाय रात्रभर थोड्या उंचीवर अडकून राहिलेला धूर, उन्हानें पहिली उकळी सुरू होतांच ढवळला जाऊन खालीं उतरतो. कढी ढवळली कीं वरची साय तळाशीं जाते, त्यांतलाच प्रकार. आरोग्यासाठीं पहांटे मैदानांत धांवणारा मनुष्य दिवसांतली सर्वांत शुद्ध हवा घेत आहे अशी आपली समजूत वाडवडिलांपासून चालत आली आहे. खेड्यांत ती आजहि बरीच खरी असेल. हिंवाळ्यांतल्या मोठ्या शहरांत ती खरी नाहीं. दमेकऱ्यानें आणि हृदयविकाराच्या रोग्यानें थंडीच्या दिवसांत आपलें फिरणें दुपारी चारच्या सुमारास न्यावें हें बरें.

झांकण दिवसाहि उघडलें नाहीं तर काय होतें, ह्याचें उदाहरण लंडन शहरानें जगाला दाखविलें. लंडनचा धूर ही जुनी तक्रार होती. जॉन एव्हलिन ह्या गृहस्थानें १६६१ सालींच त्यावर पुस्तिका लिहून राजाला सादर केली होती. धूर आणि धुकें ह्यांच्या इंग्रजी नांवांची सांधेजोड करून 'स्मॉग' हा शब्द १९०५ सालीं तेथेंच प्रचारांत आला. १९५२ च्या डिसेंबरांत ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत लंडनवर वारा पडला, आणि जडशीळ थंड हवेवर उबदार हवेचें झांकण बसलें. थंडी असल्यामुळें घरोघर कोळशाच्या शेगड्या अधिकच पेटल्या. त्या दिवसांत शहर रोज सुमारें एक हजार टन धुराचे कण हवेंत सोडीत होतें असा अंदाज आहे. बसगाड्यांच्या पुढें दिवा घेऊन मनुष्य चालूं लागले, आणि एका नाट्यगृहांत तर प्रेक्षकगृहांतच धुकें शिरल्यामुळें संगीतकाचा प्रयोग अर्ध्यावर थांबवावा लागला. सरकारी हिशेबाप्रमाणें सुमारें चार हजार माणसें दगावलीं. पुढील संशोधकांनीं हा आंकडा बारा हजारांच्या घरांत नेला आहे. ९ तारखेस वारा सुटला आणि झांकण उडालें. त्या आठवड्यांत लंडनमध्यें नवीन कारखाने निघाले नव्हते; शेगड्या होत्या त्याच होत्या. म्हणून कोणी असें म्हणेल कीं, मारलें तें हवामानानें. परंतु तसेच वारा पडलेले दिवस लंडनवर पूर्वीं शतकानुशतकें येत होते आणि आजहि येतात. आज माणसें तशीं मरत नाहींत, कारण १९५६ सालीं तेथील पार्लमेंटानें स्वच्छ हवेचा कायदा करून घरगुती कोळशाचा धूर बंद करण्यास आरंभ केला. वाऱ्याला कायदा लागू करतां येत नाहीं, शेगडीला येतो, एवढें त्या पार्लमेंटानें ओळखलें.

आपल्याकडे पावसाळ्यांत हवा स्वच्छ होते, तेव्हां "पावसानें हवा धुऊन निघाली" असें आपण म्हणतों. हें म्हणणें जाडसर धुळीच्या बाबतींत खरें आहे. ताजी काजळी मात्र तेलकट असते, पाण्याला ती दाद देत नाहीं. शिवाय तिचे कण इतके बारीक असतात कीं, पडणाऱ्या थेंबाच्या भोंवतीं हवेचा जो लहानसा प्रवाह वळतो त्याच्याबरोबर तेहि वळसा घेऊन निसटतात. त्यांची धुलाई होते ती मुख्यतः ढगांत. आणि तीहि कांहीं दिवस हवेंत राहून, इतर क्षारांचें पुट चढून, त्यांचा तेलकटपणा गेल्यावर. मग आषाढांत हवा निर्मळ कां? तर समुद्रावरून हजारों मैल येणारा नैर्ऋत्येचा वारा मुळांत स्वच्छ असतो, तो जोरानें वाहतो, आकाश ढगाळ असल्यामुळें रात्रीं झांकण घट्ट बसत नाहीं, आणि ओला पाचोळा व ओलीं लांकडें कोणी उघड्यावर जाळीत नाहीं. ढगांच्या धुलाईइतकेंच, किंबहुना अधिक, श्रेय ह्या गोष्टींना दिलें पाहिजे.

मुंबईचा विचार केल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाहीं, कारण धुराशीं झगडण्याचा आपल्या प्रांतांतला सर्वांत जुना इतिहास त्या शहराचा आहे. १८५३ सालीं तेथून आगगाडी सुटली, पुढच्याच वर्षीं पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू झाली, आणि त्यानंतरच्या अर्धशतकांत परळ-लालबागचें आकाश धुरांड्यांनीं भरून गेलें. १९१२ सालीं मुंबई इलाख्याला धूर-उपद्रवाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. परंतु कायद्याइतकाच उपयोग विजेचा झाला. १९१५ सालीं खोपोलीच्या जलविद्युत् केंद्रांतून वीज येऊं लागली. ज्या गिरणीनें ती घेतली तिचें धुरांडें त्या मानानें शांत झालें. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला ही देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली आणि तेवढ्या रस्त्यावरचा इंजिनाचा धूर गेला. ज्या ज्या ठिकाणीं शहराची काजळी कायमची कमी झाली, तेथें तेथें बहुधा असेंच घडलें आहे. माणसांना उपदेश करून ती कमी झाली असें मला तरी आढळलेलें नाहीं.

मुंबईला समुद्राचें वरदान आहे. दुपारच्या आधीं समुद्रावरून वारा सुटतो आणि सकाळची घाण पूर्वेकडे ढकलून देतो. पण रात्रीं वारा उलटतो. जमिनीवरचा वारा समुद्राकडे वाहूं लागतो आणि ढकललेल्यांतला कांहीं भाग शहरावरून परत जातो. हिंवाळ्यांत समुद्रवारा उशिरा आला किंवा दुबळा आला कीं मुंबईची सकाळ लांबते. २०२२-२३ च्या हिंवाळ्यांत असें वारंवार घडलें, आणि कांहीं दिवशीं मुंबईची हवा दिल्लीच्या हवेपेक्षांहि वाईट ठरली. कांहीं शास्त्रज्ञांनीं त्या वेळच्या मंद वाऱ्यांचा संबंध प्रशांत महासागरावरील 'ला निना' नांवाच्या थंडाव्याशीं लावला. हा संबंध मला पटण्यासारखा वाटतो. मात्र प्रशांत महासागरानें मुंबईंत एक चिमूटभरहि काजळी आणून टाकली नाहीं हें ध्यानांत ठेवावें. त्यानें केवळ खिडकी लावून घेतली.

दिल्लीचें दुर्दैव दुहेरी आहे. समुद्र दूर, उत्तरेस हिमालयाची भिंत, हिंवाळ्यांतलें झांकण फार खालीं. आणि ऐन त्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, पंजाब-हरियाणाच्या शेतांतून भाताचे खुंट जाळल्याचा धूर येतो. काजळीचा कण सुमारें आठवडाभर हवेंत तरंगूं शकतो, त्यामुळें एका प्रांताचा धूर दुसऱ्या प्रांताच्या पदरांत पडतो. तरीसुद्धां खुंट जाळण्याचा हंगाम संपल्यावर डिसेंबर-जानेवारींतहि दिल्ली धुरकटलेलीच असते, आणि तो धूर बव्हंशीं तिच्या आणि तिच्या शेजारगांवांच्या चुलीचा व चाकाचा असतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. झांकण काजळीला कोंडतें, तशी काजळीहि झांकणाला बळ देते. ती काळी असल्यामुळें ऊन शोषून घेते. वरच्या थरांतील काजळी त्या थराला तापविते आणि जमिनीपर्यंत पोंचणारें ऊन कमी करते. म्हणजे वर अधिक ऊब आणि खालीं अधिक गारवा. उलटी मांडणी आणखी घट्ट झाली! ज्या दिवशीं आपण सर्वांत अधिक धूर करतों त्या दिवशीं तो बाहेर जाण्याचा मार्गहि आपणच थोडा अरुंद करतों.

मग ह्या शहरांत ही काजळी येते तरी कोठून? डिझेलच्या जुन्या मालमोटारी आणि बसगाड्या हें पहिलें उत्तर. १ एप्रिल २०२० पासून देशभर नव्या वाहनांना धुराचे कडक नियम लागू झाले आहेत, डिझेलमधील गंधकाचें प्रमाण दहा लक्षांत दहा भागांवर आणलें आहे, आणि नव्या डिझेलगाड्यांत काजळी अडविणारी चाळणी बसविलेली असते. परंतु जुन्या गाड्या दीर्घायुषी असतात. वीज गेली कीं सुरू होणारीं जनित्रें, खानावळींच्या तंदुरभट्ट्या, शहराबाहेरच्या विटांच्या भट्ट्या हीं दुसरीं उत्तरें. लांकडावर पाव भाजणाऱ्या भट्ट्यांविषयीं २०२५ च्या जानेवारींत मुंबई उच्च न्यायालयानें असा आदेश दिला कीं, त्यांनीं सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळावें. पावाची चव बिघडेल अशी तक्रार त्यावर झाली. चवीविषयींचा वाद मी रसिकांवर सोपवितों. पण भट्टीवाला पहांटे तीन वाजतां, म्हणजे झांकण सर्वांत खालीं असतांना, लांकडें पेटवितो, एवढी वेळेची गोष्ट नोंदवून ठेवतों.

तीच गोष्ट आपल्या पुण्यांतल्या कांहीं वाड्यांत अद्याप पेटणाऱ्या बंबांची, आणि त्याहून अधिक झाडलेल्या पाचोळ्याची. जानेवारी-फेब्रुवारींत पानगळ जोरांत असते. सकाळीं सहा-साडेसहाला रस्ता झाडला जातो, कोपऱ्यांत ढीग होतो, आणि ढीग नेण्यास गाडी नसली कीं त्याला काडी लागते. दंवानें ओला झालेला पाचोळा धगधगत नाहीं, नुसता धुमसतो, आणि धुमसण्यांतून निघणारा तो पांढुरका-पिवळट धूर काळ्या धुराइतकाच वाईट असतो. उघड्यावर कचरा जाळणारास ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड करावा असा हुकूम राष्ट्रीय हरित लवादानें २०१६ च्या डिसेंबरांत दिला आहे. झाडूवाल्या बाईच्या महिन्याच्या प्राप्तीशीं ह्या दंडाचें प्रमाण काय पडतें, हें ज्यांनीं तिला गाडी दिली नाहीं त्यांनीं एकदां मांडून पाहावें.

हवामान आणि धूर ह्यांची वांटणी कशी होते हें पाहण्याची एक विलक्षण संधि २०२० सालीं आली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. आकाश तेंच, ऋतु तोच, परंतु रस्ते रिकामे. कांहीं दिवसांतच शहरांची हवा निवळली, आणि जालंधरच्या लोकांना घराच्या गच्चीवरून धौलाधारचीं बर्फाचीं शिखरें दिसूं लागलीं. तरीहि काजळी शून्यावर गेली नाहीं, कारण चुली चालूच होत्या. हवामानाला सर्व दोष देणाऱ्या पक्षानें ह्या प्रयोगाचा विचार करावा. आणि मोटारीला सर्व दोष देणाऱ्या पक्षानेंहि करावा.

सर्व धूर एका दिवसांत थांबणार नाहीं हें उघड आहे. म्हणून जोपर्यंत तो आहे तोपर्यंत वेळेचा विवेक तरी करावा असें माझें म्हणणें आहे. जनित्राची चांचणी सकाळीं सातला न करतां दुपारीं दोनला करावी. अवजड मालमोटारींचा शहरांतील प्रवेश हिंवाळ्यापुरता तरी रात्रीच्या व पहांटेच्या झांकणाखालून दुपारकडे सरकवितां येईल काय, ह्याचा विचार व्हावा. कोंडी वाढेल हा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो लहान नाहीं. पाचोळा तर केव्हांहि जाळूं नये. झाडाच्याच बुंध्याशीं खड्डा करून कुजवावा. महाराष्ट्र सरकारनें २०२४ च्या फेब्रुवारींत चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नवाच्या आधीं भरवूं नयेत असें परिपत्रक काढलें. मुलांची झोंप पुरी व्हावी हा त्याचा हेतु होता. मी आयुष्यभर सकाळची शाळा घेतली आहे, आणि हिंवाळ्यांत पहिल्या तासाला वर्ग कसा खोकत असे तें मला आठवतें. त्या परिपत्रकाचा लाभ झोंपेइतकाच छातीलाहि होईल असा माझा तर्क आहे. खेळाचा तास मात्र अनेक शाळांत अजून पहिलाच असतो. तो शेवटीं न्यावयास कोणत्याहि सरकारची परवानगी लागत नाहीं.

राहतां राहिली रखवालदाराची शेकोटी. आमच्या भागांतील गृहसंस्थांच्या फाटकांशीं डिसेंबर लागला कीं रात्रीं टायरचे तुकडे, फळ्या, खोकीं, जें मिळेल तें जळूं लागतें. वरच्या मजल्यावरचे लोक सकाळीं तक्रार करतात कीं खिडक्यांतून वास येतो. पण त्या धुराच्या अगदीं कांठाशीं, हातभर अंतरावर, रात्रभर जो बसलेला असतो त्याच्या फुप्फुसाचा हिशेब कोणी विचारीत नाहीं. आणि तो शेकोटी करतो ती हौसेनें नव्हे. दिल्ली परिसराच्या हवेसाठीं नेमलेल्या आयोगाच्या आराखड्यांत, गृहसंस्थांनीं आपल्या रखवालदारांना विजेच्या शेगड्या पुरवाव्यात असें स्पष्ट कलम आहे. हा आराखडा महाराष्ट्राला लागू नाहीं. पण चांगल्या गोष्टीला सरहद्द कशाला हवी, असें मनांत आणून मी दोन वर्षांपूर्वीं आमच्या गृहसंस्थेच्या सभेंत ही सूचना मांडली. शेगडीच्या किंमतीवर कोणी हरकत घेतली नाहीं. वाद झाला तो तिच्या विजेचें बिल कोणत्या खात्यावर घालावयाचें ह्यावर, आणि तो दोन सभा चालला. अखेर जिन्यांतल्या दिव्यांच्या खात्यावर तें घालण्याचें ठरलें. शेगडी आतां फाटकाशेजारच्या खोलींत असते. रखवालदार तिच्याजवळ खुर्ची ओढून बसतो, आणि फाटकाबाहेरच्या फरशीवरचा तो जुना काळा डाग दोन पावसाळ्यांनंतरहि अजून पुरता गेलेला नाहीं.